न आलेला धूर

१

इंजिन चालू झालं, सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले, आणि धूर काही आला नाही.

वाशीच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात असं कधी झालं नव्हतं. मंडळ म्हणजे काय, तर पाच गाड्या, पाच मालक आणि त्यांच्या बायकांच्या मते पाच वेडे. कांदा-बटाट्याच्या नव्या बाजारामागे, तुर्भ्याच्या बाजूला, या पाच जणांनी एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली होती. खाडीची खारी हवा पावसाळ्यात गाडीचा पत्रा पापडासारखा खाते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात गाड्या विटांवर चढत त्या दसऱ्यालाच उतरत. चढवण्याची रीत ठरलेली होती आणि ती पाळताना ही मंडळी सत्यनारायणाच्या पूजेपेक्षा जास्त गंभीर असत. बॅटरी काढून शेडमधल्या कपाटात ठेवायची. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या नळीत खाकी कापडाचा बोळा कोंबायचा. सीटवर वर्तमानपत्रं पसरायची, मीटरचा आकडा कार्डावर लिहून ते स्टिअरिंगला बांधायचं. आणि हँडब्रेक अजिबात ओढायचा नाही, कारण चार महिन्यांच्या दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात.

दसऱ्याला पहिल्यांदा इंजिन चालू केलं की ते चमचाभर तेल जळायचं आणि असा निळा धूर निघायचा की बाजारातले हमाल आग लागली म्हणून धावत यायचे. त्र्याऐंशी सालच्या दसऱ्याला मधुकर आजगावकरांची क्रीम रंगाची मॉरिस मायनर दोन हिसक्यांत चालू झाली आणि शहाण्यासारखी गुरगुरत राहिली.

"मधू, तेल टाकायला विसरलास काय रे यंदा?" फियाटवाले नंदकिशोर पाठारे म्हणाले.

मधुकर विसरणाऱ्यातले नव्हते. ठोकलेल्या गाड्या विम्याच्या कंपन्यांसाठी तपासायच्या आणि कुणाची चूक ते लिहायचं, हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा धंदा होता. ऑगस्टमध्ये त्यांची बायको सरोजिनी हृदयविकारानं गेली, त्यानंतर ते शेडकडे फिरकलेच नव्हते. आज आले ते केवळ दसऱ्याच्या दिवशी घरात एकट्यानं बसवेना म्हणून.

त्यांनी कार्ड बघितलं. एक्केचाळीस हजार तीनशे शहाऐंशी. मीटर बघितला. एक्केचाळीस हजार चारशे पंधरा.

गाडी चार महिने विटांवर बसून एकोणतीस मैल फिरून आली होती.

२

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. गिअर टाकून क्लच सोडला तर गाडी थरथरून बंद पडली. हँडब्रेक ओढलेला होता. तो खाली केला तरी मागची चाकं हलेनात, लायनर ड्रमला चिकटले होते. मागच्या सीटवरचं वर्तमानपत्र उचललं तर खाली हातभर डाग, कुणीतरी साबणानं धुतल्यासारखा फिकट. आणि नंदकिशोरांनी मघाशी न बघता फेकलेला बोळा उचलून पाहिला, तर तो खाकी नव्हताच. लाल काठाच्या निळ्या लुगड्याचा तुकडा होता, नीट घडी घालून कोंबलेला.

सगळ्यांनी दत्तूकडे पाहिलं.

दत्तू पाटील तुर्भे गावचा. आगरी. मंडळाचा मेकॅनिक, बॅटऱ्या चार्ज करणारा, शेडची किल्ली सांभाळणारा. लहानपणी बॅटरीचं ॲसिड उडून त्याचा उजवा डोळा गेला होता, त्यामुळे तो गाडी शेडच्या आवारापलीकडे कधी चालवत नसे. पण दुसऱ्याला चालवायला देणं हे तर डोळा नसतानाही जमतं, असं त्या क्षणी मधुकरांच्या डोक्यात आलं.

"दत्तू, गाडी कुणाला दिलीस?"

"माना काय बोलाचं नाय, सायब."

"म्हणजे तुला माहीत आहे."

दत्तू पाना पुसत राहिला.

"भाड्यानं दिलीस का? कुणाच्या लग्नाला?"

यावर दत्तूनं एका डोळ्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. पण दोन महिने मधुकरांच्या आत जे तुंबलं होतं त्याला त्या दिवशी वाट सापडली. चोर म्हणाले, बेइमान म्हणाले, आणखी काय काय म्हणाले ते नंतर त्यांना स्वतःलाही आठवावंसं वाटलं नाही. दत्तूनं हातातला पाना फडक्यात गुंडाळला, शेडची किल्ली मॉरिसच्या बॉनेटवर ठेवली आणि तो निघून गेला. नंदकिशोरांच्या बायकोनं, चारुलतानं, ताटात आपट्याची पानं आणली होती. दसऱ्याच्या दिवशी दत्तूच्या हातावर कुणी सोनं ठेवलं नाही.

बुधवारी नंदकिशोरांचा फोन आला.

"उरणच्या गोटीराम म्हात्र्याचा निरोप आहे. ट्रकांचं गॅरेज आहे बघ त्याचं. दत्तू काम मागायला गेला होता. गोटीराम म्हणतो, मंडळाचं पत्र आणलं तर ठेवतो, नाहीतर शनिवारी दुसरा माणूस घेतो."

"मग?"

"मग काय? सेक्रेटरी तू, गाडी तुझी. चोर लिही नाहीतर साव लिही. ह्या धंद्यात एकदा चोर म्हटलं की पनवेलपर्यंत त्याला कुणी पाना धरू देणार नाही, एवढं लक्षात ठेव."

मधुकरांनी कोरा कागद पुढ्यात घेतला. खात्री नसताना त्यांनी आयुष्यात एकाही अहवालावर सही केली नव्हती. आणि आता विचार करू लागल्यावर त्यांना जाणवलं की ह्या प्रकरणात त्यांनी अहवाल आधीच वाचून दाखवला होता, तपास मात्र केलाच नव्हता.

३

तारीख आधी ठरली. जूनमध्ये सीटवर पसरलेली सगळी वर्तमानपत्रं जूनची होती. फक्त मागच्या सीटवरचं एकवीस जुलैचं. म्हणजे जुनं भिजलं म्हणून कुणीतरी त्या दिवशीचं ताजं टाकलेलं. एकवीस आणि बावीस जुलैला मधुकर पुण्यात कोर्टात साक्षीला गेले होते.

संशयित फार नव्हते. मंडळातल्या पाचांपैकी दोघे जुलैभर परगावी होते. राहिले नंदकिशोर आणि धर्मराज वाव्हळे. किल्लीचा प्रश्न नव्हता. ह्या जुन्या गाड्यांची कुलपं इतकी झिजलेली की एकमेकांच्या किल्लीनं उघडत, आणि त्यावरून मंडळात थट्टा चाले.

नंदकिशोरांना मॉरिस हवी होती. दहा वर्षं ते मागे लागले होते. दुसरं कुणी गाडी घ्यायला निघालं की ते तिला लोहचुंबक लावून पत्र्याचे खड्डे बुजवायला भरलेली लांबी शोधत, तळाशी पडून चासी ठोकत, आणि मग सांगत, "घेऊ नका." मॉरिसबद्दल मात्र म्हणत, "डोळे मिटून घेईन."

"घ्यायच्या आधी चालवून बघितलीस का रे, माझ्या पाठीमागे?" मधुकरांनी सरळ विचारलं.

नंदकिशोर हसले नाहीत. "बघितली असती. खोटं कशाला बोलू? पण बारा जुलैला मी बाथरूममध्ये घसरलो. गणपतीपर्यंत डावा पाय प्लास्टरमध्ये. क्लच काय काठीनं दाबू?"

चारुलता आतून चहा घेऊन आली होती. ती कप ठेवता ठेवता म्हणाली, "भावजी, त्या बिचाऱ्या दत्तूला एवढं बोलायला नको होतं."

धर्मराज वाव्हळे वयानं सगळ्यांत लहान. मराठवाड्यातून आलेला, सरकारी कचेरीत हेड क्लार्क. मंडळाच्या सल्ल्यानं त्यानं एक जुनी हेरल्ड घेतली होती आणि तिच्या दुरुस्तीत रविवार घालवत होता. त्याच्याकडे शेडची दुसरी किल्ली होती. मधुकर त्याला कचेरीच्या कँटीनमध्ये भेटले.

"साहेब, मी न विचारता गाडी घेणार नाही, हे तुम्हाला पटणार असेल तर पटेल," तो म्हणाला. "पण पुरावाच पाहिजे ना? हँडब्रेक ओढलेला होता म्हणालात. माझ्या हेरल्डच्या हँडब्रेकची केबल दोन वर्षं तुटलेलीय. मी गिअरमध्ये गाडी ठेवतो आणि चाकाला वीट लावतो. माझा हात तिकडे जातच नाही आता."

मधुकरांनी मान डोलावली. हा पुरावा त्यांना पटला. मंडळात सगळेच तसे होते, सपाट वाशीत कोण कशाला हँडब्रेक ओढतो?

"आणखी एक बोलू का?" धर्मराजनं बशीतला चहा तसाच ठेवला. "जुलैच्या पहिल्या रविवारी दत्तूनं आपल्याला विचारलं होतं. आठवतं?"

"काय विचारलं होतं?"

"त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, अडचणीचं बाळंतपण आहे, वेळ आली की खाडीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्या. गावात पावसात टॅक्सी येत नाही. तो म्हणाला, एखादी गाडी उतरवून तयार ठेवू का? तुम्ही म्हणालात, विटांवरची गाडी दसऱ्याशिवाय उतरत नाही. पाठारेसाहेब म्हणाले, पोराला सांग, दसऱ्यापर्यंत थांब. सगळे हसलो. मीसुद्धा. मी हेरल्ड देतो म्हणायला पाहिजे होतं. शेवटी बसलोच गप्प."

मधुकरांना आता लख्ख आठवलं. ते स्वतःही हसले होते. इतकंच नाही, तर त्या रात्री जेवताना हा किस्सा त्यांनी सरोजिनीला रंगवून सांगितला होता.

"मग त्याच्या बायकोचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

धर्मराज त्यांच्याकडे पाहत राहिला. "मुलगी झाली. ऑगस्टमध्ये त्यानं शेडमध्ये बर्फी वाटली. तेव्हा वहिनी नुकत्याच गेल्या होत्या, तुम्ही नव्हतात. आम्ही बर्फी खाल्ली. बाळंतपण कसं पार पडलं, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही."

४

म्हणजे गाडी दत्तूच्या बायकोसाठी निघाली. लुगड्याचा तुकडा, धुतलेली सीट, सगळं जुळलं. पण चालवली कुणी? एका डोळ्याचा दत्तू जुलैच्या पावसात खाडीच्या पुलावर गाडी घालणार नाही, तीही बायको मागे असताना.

शुक्रवारी सकाळी मधुकर एकटेच शेडमध्ये गेले. स्टूल घेऊन मॉरिससमोर बसले आणि अपघातातल्या गाडीकडे बघत तसे बघत राहिले. पहिल्यांदा बाहेरून. ज्या विटांवर गाडी होती, त्या अजून तिथेच होत्या: खाली दोन आडव्या, वर दोन उभ्या, वर लाकडी फळी. ही दत्तूची पद्धत. बोळा घडी घालून बसवलेला, तोही दत्तूच्या हातचा. मग दत्तूनं तेल का टाकलं नाही? तेलाशिवाय गाडी पुन्हा विटांवर चढवणं हे दत्तूच्या हातून होणंच शक्य नव्हतं.

पण बॉनेट उघडण्याची कडी आत, डॅशबोर्डखाली. आणि गाडीला कुलूप.

ते एकदम उठून उभे राहिले. जे बाहेरून करण्यासारखं होतं ते सगळं रीतसर झालं होतं. बॅटरी आणि वर्तमानपत्र कुलपाआधीच आटोपलं असणार, पण आत गेल्याशिवाय न होणारं बाकीचं सगळं चुकलं होतं. तेल नाही, हँडब्रेक ओढलेला. बाहेरचं काम दत्तूचं, आतलं दुसऱ्याचं. त्या दुसऱ्यानं गाडी आणून लावली, कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन गेला. दत्तूला नंतर आत जाताच आलं नाही. कपाटात मंडळाच्या पाचही गाड्यांच्या जादा किल्ल्या लटकलेल्या असत. त्यातली एखादी घेऊन कुलूप उघडणं दत्तूला अवघड नव्हतं. त्यानं ते केलं नाही. म्हणजे ज्यानं कुलूप घातलं त्याचा मान राखला.

दत्तू असा मान कुणाचा राखेल? मंडळातल्या साहेबांचा नक्कीच नाही. त्यांनी तो राखण्यासारखं काही केलं नव्हतं.

आणि सपाट जमिनीवर हँडब्रेक ओढणारा माणूस कोण? मधुकरांनी हे वाक्य स्वतःच्या अहवालांत पाचपन्नास वेळा लिहिलं होतं: चालकाने घाटात गाडी शिकलेली असल्याने सवयीने हँडब्रेक ओढला. घाटात शिकलेल्याचा हात गाडी थांबली की आपोआप तिकडे जातो. इंजिन नंतर बंद होतं, आधी हँडब्रेक.

पाचगणी.

ते पुन्हा स्टुलावर बसले. सरोजिनीचे वडील पाचगणीला डॉक्टर होते. त्यांच्या गाडीवर ती पसरणीच्या घाटात गाडी शिकली होती, सोळाव्या वर्षी. एकसष्ट साली लग्न झालं, आणि पहिल्याच महिन्यात मित्रांना घेऊन वरळीला गेले असताना ती म्हणाली, "मी चालवू थोडी?" तिनं चालवली. समुद्राकाठी, टेबलासारख्या सपाट रस्त्यावर गाडी थांबवली आणि कर्रकन हँडब्रेक ओढला. मधुकर हसले. मित्र हसले. "अगं, गाडी समुद्रात पळून जाईल का?" असं ते म्हणाले होते. सगळ्यांसमोर.

त्यानंतर बावीस वर्षांत तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आणि त्यांना वाटलं होतं, हौस फिटली असेल.

५

दत्तूचं घर तुर्भे गावात तळ्याच्या अंगाला होतं. अंगणात ट्रंक बांधून ठेवलेली. दत्तूनं त्यांना पाहिलं आणि खाट पुढे केली.

"दत्तू, गाडी तुझ्या वहिनींनी चालवली ना?"

दत्तू समोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "तुमी वळखलं. आता सांगाला हरकत नाय."

त्यानं सांगितलं ते असं. ज्या रविवारी मंडळ हसलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सरोजिनी एकटी चालत त्याच्या घरी आली. पुतळाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, वेळ आली की कुणालाही विचारू नकोस, मला बोलव. एकवीस जुलैच्या दुपारी दत्तू धावत गेला. ती किल्ली घेऊन निघालीच.

"मी गाडी उतरवली, बॅटरी लावली. पावसाचा यवढा जोर, पुलावर पुढलं काय दिसं ना. माजा तर जीव गेलेला. वयनी आपल्या सुपारी कातरल्यावानी निवांत."

आतून पुतळा बाहेर आली. कडेवर तीन महिन्यांची पोर. ती दारातच उभी राहून म्हणाली, "मी मागं पडलेली. यवरे खड्डे, पन माना येक गचका लागला नाय. त्या सारख्या बोलत व्हत्या, आता पूल आला गो, आता उतार, आता दिवे दिसले, दम धर. दवाखान्यात पोचलो आनी तासाभरात ही झाली. डॉक्टर बोलला, अजून थोडा उशीर झाला आसता तं दोघी नसत्या."

मधुकरांनी विचारलं, "दवाखाना जाऊन-येऊन सतरा मैल. मीटर एकोणतीस दाखवतोय."

दत्तू पहिल्यांदाच किंचित हसला. "माजी आय पुतळाजवल ऱ्हायली. मी कपडे न्यायला वयनींसंगट परत आलो. पाऊस थांबलेला. तुर्भे नाक्यावर शेडकडं वलाचं, तं त्या वलल्याच नाय. बोलल्या, दत्तू, थोडी फिरवू का? मी काय बोलनार? मी तं त्यांच्या पायावर डोकं ठेवाच्या तयारीत. बेलापूरपरत गेल्या. खिडकी उघडी, केस उडतायत. गानं म्हनत व्हत्या. बेलापूरला वलवली नि परत आल्या. त्याच्यातच माजी बसची येल झाली. बॅटरी काढली, इटांवर चढवली, तेल टाकाचं ऱ्हायलं. बोललो उद्या टाकतो. त्या बोलल्या, ऱ्हाउ दे."

"राहू दे?"

"हां. बोलल्या, तेल नसलं तं दसऱ्याला धूर येनार नाय. यांना कोडं पडंल. मोठे सर्व्हेअर हायत ना, बघूया वळखतात का मला. नाय वळखलं तं मीच सांगीन, त्या दिवशी ते खुशीत आसतात. तवर तू तोंड उघडू नको." दत्तू थांबला. "मी सबूद दिला."

"ती गेल्यावर तरी सांगायचंस, दत्तू. मी तुला चोर म्हणालो तेव्हा तरी."

"चार मानसांत? गेलेल्या मानसावर ढकलून मी सुटाचं? आनी तुमी माना इचारलं कुठं, सायब. तुमी तं सांगूनच टाकलं."

 मधुकर खाटेवर बसून राहिले. सरोजिनीनं आयुष्यात एकच कोडं त्यांच्यासाठी घालून ठेवलं होतं आणि ती उत्तर ऐकायला नव्हती. त्यांनी दत्तूसमोर हात जोडले. दत्तूनं घाईघाईनं ते खाली केले.

मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि तिथेच, गुडघ्यावर ठेवून, गोटीराम म्हात्र्याला पत्र लिहिलं. दत्तू पाटील यांच्याइतका चोख आणि विश्वासू कारागीर आम्ही पाहिलेला नाही, त्यांच्यावर आम्ही केलेला आरोप संपूर्ण खोटा होता आणि चूक माझी आहे, असं लिहिलं. सही करून पत्र त्याच्या हातात दिलं.

"हे घे. पण खरं सांगू, जाऊ नकोस. शेड तुझी आहे. रविवारी सगळ्यांसमोर मी माफी मागतो."

दत्तूनं पत्राची घडी घातली. "मागा, सायब. पन मी येनार नाय. राग नाय माजा. तुमच्या दुखात तुमी बोलला, त्ये मी समजलो. बाकीच्यांना तं कुनी मेलं नव्हतं. त्येंच्या गाड्यांना आता माजा हात लागनार नाय."

मधुकर उठले. निघताना पुतळानं पोरीला त्यांच्यापुढे केलं. त्यांनी तिला घेतलं नाही. फक्त तिच्या टाळूवर बोटं टेकवली.

६

रविवारी मंडळ जमलं. गाड्या उतरलेल्या, पण चिकटलेले ड्रम सोडवायला कुणी नव्हतं, त्यामुळे मॉरिस जिथल्या तिथे उभी होती. मधुकरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. चारुलता डबे उघडत होती, ती पण थांबली.

त्यांनी सगळं सांगितलं. जुलैतला रविवार, दत्तूनं मागितलेली गाडी, स्वतःचं उत्तर. पुलावरचा पाऊस. बेलापूरची फेरी. काही गाळलं नाही. वरळीची गोष्टही सांगितली. नंदकिशोर खाली बघत होते. ते त्या दिवशी वरळीलाही होते.

"दत्तूला परत आणू," नंदकिशोर शेवटी म्हणाले. "मी जातो उरणला. मी पाया पडतो त्याच्या."

"जा. पाया पड. पण तो यायचा नाही."

धर्मराजनं आपल्या हेरल्डची किल्ली खिशातून काढली आणि शेडच्या खिळ्यावर, जिथे सगळ्यांना दिसेल अशी, टांगली. "माझी गाडी यापुढे विटांवर चढणार नाही," तो म्हणाला. "गंजली तर गंजू दे. गावात ज्याला लागेल त्यानं न्यावी."  मग एकानं आपली किल्ली काढली, मग दुसऱ्यानं.

चारुलता अजून डब्याचं झाकण हातात धरून उभी होती.

"सरोजिनीताईंना गाडी येत होती?" ती म्हणाली. "मला कधी बोलल्या नाहीत. वीस वर्षांची ओळख आमची."

"येत होती."

"चांगली चालवायच्या?"

"फार चांगली. दत्तूची बायको म्हणाली, एक गचका लागला नाही."

"ते तिनं सांगितलं. तुम्हाला कशी वाटली? तुम्ही कधी बसलात त्यांच्या शेजारी?"

मधुकरांनी तोंड उघडलं. वरळीला ते शेजारी बसले होते खरे, पण मागे वळून मित्रांशी बोलत होते. रस्त्याकडे किंवा तिच्याकडे त्यांनी बघितलंच नव्हतं.

"नाही," ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं रडू लागले.